चादरीचं दुसरं टोक

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला फोन आपटतो. त्यापेक्षा आईनं लावलेली पत्रांची सवय बरी. उजवा हात धड आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. डाव्याचं सांगायला बसले आहे.

सोळा दिवसांपूर्वी लाँड्रीत माझा डावा हात मोठ्या इस्त्रीच्या रुळात गेला. करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं अशी तीन बोटं चेपली आणि भाजली. मधलं डॉक्टरांनी वाचवलं. बाकीची दोन जागेवर आहेत, पण ती आता जन्मात वाकायची नाहीत. चादरीचं टोक धरायला नेमकी तीच बोटं लागतात, हे तुला मी सांगायला नको. एवढे दिवस कळवलं नाही, कारण तुझं ते लांबलचक अगं बाई मला ऐकायचं नव्हतं.

कसं झालं म्हणशील, तर तुझ्यापायी झालं. आत शिरताना डाव्या हाताला तुझा फोटो लटकतो ना, खाली लिहिलेलं, एका शिफ्टमध्ये अकराशे बारा चादरी? चौदा वर्षं मी रोज सकाळी त्या फोटोखालून आत जाते. तू रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी तिथे तू अजून भिंगरी आणि मी भिंगरीची बहीण. नव्या आलेल्या पोरींनासुद्धा माझं नाव माहीत नाही. आणि त्या विक्रमाच्या दिवशी चादरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं ग? माझ्या. चादरीला दोन टोकं असतात, फोटोत मात्र तू एकटीच. पुढच्या महिन्यात ते जुनं मशीन भंगारात जाणार आणि त्या जागी नवं येणार असं कळलं, तेव्हा माझ्या मनानं घेतलं की तुझा आकडा मोडायचा, आता नाही तर कधीच नाही. हात गेला तेव्हा शिफ्टचा अर्धा तास उरला होता आणि मला अजून त्र्याण्णव चादरी हव्या होत्या.

पुढचं मी मशीन कधी न पाहिलेल्या माणसाला सांगावं तसं सांगते, कारण वकीलबाईंनी माझ्याकडून ते तसंच चारदा लिहून घेतलंय आणि आता तीच सवय लागलीय. रुळापुढे एक आडवी पट्टी असते. तिला बोट लागलं की मशीन थांबतं. पण चादरीचा बोळा लागला तरी थांबतं, आणि पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो. म्हणून फाटक्या चादरीची किनार घेऊन पट्टी वर बांधून टाकायची, आणि बाहेरचं कोणी तपासायला आलं की किनारीचं टोक ओढायचं, पट्टी खाली. ती गाठ कोणी शोधली? तू. सगळ्या लाँड्रीत तिला भिंगरीगाठ म्हणतात. मी अपघाताच्या दिवशी तीच बांधली होती. पट्टी वर होती, म्हणून मशीन थांबलं नाही.

आता कंपनी म्हणते, पट्टी बांधू नये असा नियम भिंतीवर लावलेला आहे, हिनं जाणूनबुजून तो मोडला, स्वतःच्या करणीनं स्वतःचा हात घालवला, तेव्हा भरपाई नाही. वकीलबाई म्हणतात, कामगाराची चूक असली तरी भरपाई मिळते, नाहीतर कोणालाच मिळाली नसती. चुका सगळेच करतात. पण मुद्दाम नियम मोडला असं ठरलं तर अवघड. मात्र तो नियम नुसता भिंतीवरच होता, सगळ्याच पट्टी बांधत होत्या आणि मुकादमाला ते दिसत होतं, असं कोणी सांगितलं तर कंपनीला त्या नियमाच्या आड लपता येत नाही. तुझ्या वेळचा मुकादम आता मॅनेजर झालाय. आतल्या बायका नोकरीला घाबरतात. माझी जोडीदारीण तर म्हणते, तिनं त्या दिवशी मशीनकडे बघितलंच नाही. आठ तास उभी होती, बघत कुठे होती कोण जाणे. माझ्या एकटीच्या शब्दाला किंमत नाही. तुला मात्र आता कोणाचं भय नाही. तू एवढंच लिहून दे की तुझ्या वेळीही पट्टी बांधत होते, विक्रमाच्या दिवशीही बांधली होती आणि मुकादम शेजारी उभा होता.

बाकी ठीक. हे वायरिंगची कामं लवकर उरकून येतात आणि रोज माझी वेणी घालतात. वेणी कसली, वायरीच पिळल्यासारखी दिसते. पण घालतात.

लोभ आहे तो या पत्रानं आटू नये.

तुझी,
बारकी


१० मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

सोळा दिवस! मी काय परकी आहे? तुझं पत्र यायच्या चार दिवस आधी मला मॅनेजरसाहेबांच्या फोनवरून कळावं की माझ्या सख्ख्या बहिणीच्या हाताला लागलंय? ते म्हणाले, थोडंसं लागलंय. मी समजले, चटका बसला असेल. तुझं पत्र वाचलं आणि सूनबाईला हाका मारत सुटले. दोन बोटं! सूनबाईनं पाणी आणून दिलं. बर्फाचं होतं, दात ठणकले.

एकदा रागावून घेते. तुला वेड लागलंय का ग? पन्नाशी आली तरी तुझं ते पहिलीतलं वागणं जात नाही. तुझ्या शेजारी बसून मीही अक्षरं गिरवायची, तर माझ्या पाटीवर जास्त आहेत म्हणून तू माझी पाटी पुसायचीस, आठवतं? विक्रम मोडायचा होता तर सकाळपासून हात चालवायचा, शेवटच्या अर्ध्या तासात जीव कशाला टाकायचा? करायला गेलीस काय आणि होऊन बसलं काय. औषधं वेळेवर घे. हात उशीवर उंच ठेवून झोप, खाली लोंबकळू देऊ नकोस, ठणका लागतो.

वेणीचं वाचलं. छान. माझ्या नवऱ्यानं जन्मात कधी माझा पेलासुद्धा उचलून बाजूला ठेवला नाही, देव त्याला सुखी ठेवो. मला दोन वेळा टायफॉइड झाला तेव्हा मीच उठून भाकरी थापल्या. तू मात्र पहिल्यापासूनच नशीबवान. शाळेत तू गेलीस, लाँड्रीत मी. तुझी फी माझ्या पगारातून जायची. शिकून शेवटी माझ्याच रुळाशी आलीस ती गोष्ट वेगळी. चांगला नवराही तुलाच मिळाला. हे सगळं मी तुला बोलून दाखवत नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

साहेबांनी फोन केला तो काही नुसतं तुझं सांगायला नव्हे. नवं मशीन येईल तेव्हा पहिलं बटण मी दाबायचं, असं त्यांनी ठरवलंय. गाडी पाठवणार आहेत. सहा वर्षांत कोणी माझी आठवण काढली नव्हती. या घरात मी म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची आहे. झाडताना हलवतात, मग परत ठेवतात. तर साहेबांनी आठवण काढली, बरं वाटलं. माझ्या कामाबद्दल त्यांना काही माहिती हवी होती, ती मी दोन ओळींत लिहून सही करून दिली. त्यांचा शिपाई येऊन घेऊन गेला.

पट्टीचं म्हणशील, तर चौदा वर्षांपूर्वीचं मला नीट आठवत नाही. कधी बांधत असू, कधी नसू. त्या दिवशी बांधली होती की नव्हती हे मी छातीठोक कसं सांगू? खोटी साक्ष नको. तुझी वकीलबाई हुशार दिसते, ती काढेल काहीतरी वाट.

आशीर्वाद आहेतच, त्यात खाडा नाही.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

काल भरपाईच्या ऑफिसात पहिली सुनावणी झाली. लांबट खोली, पंखा एक, टेबलामागे अधिकारीबाई. वय पन्नासच्या आसपास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी एका बाजूला, कंपनीचा माणूस दुसऱ्या बाजूला. त्यानं फाइलमधून एक कागद काढला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्या ओळीलाच मी तुला ओळखलं. हा बोलण्याचा झोक माझ्या बहिणीचाच.

तर तुझ्या त्या दोन ओळी. छत्तीस वर्षं मी पट्टी खाली ठेवूनच काम केलं आणि विक्रमही तसाच केला. माझी धाकटी बहीण लहानपणापासून माझ्यावर जळते, तिनं हे जे काही केलं ते त्या जळण्यापायीच केलं असणार. खाली तुझी सही, तारीख, आणि सहीखाली तुझी ती नेहमीची दोन टिंबं.

मग कंपनीच्या माणसानं कागद खाली ठेवला आणि म्हणाला की, यावरून दिसतं की इजा कामामुळे झालेली नाही, मत्सरापायी झालेली आहे, आणि मत्सराची भरपाई द्यायला कंपनी बांधील नाही. मागे बसलेलं कोणीतरी हसलं. अधिकारीबाईंनी मला विचारलं, हे खरं आहे का. मी काय सांगणार होते? पहिली ओळ धडधडीत खोटी आहे आणि दुसरी खरी आहे. दोन्ही तुझ्याच हातच्या. खोट्याला खऱ्याची जोड दिलीस, म्हणून तर ते एवढं पटण्यासारखं झालं. शेवटी वकीलबाईंनी पुढची तारीख मागून घेतली.

घरी येताना ह्यांनी मला विचारलं की ताईंनी असं का केलं असेल. ह्यांना काही कळत नाही, साधा माणूस. मला मात्र लगेच कळलं. बटण दाबायला मिळणार म्हणून. एका बटणापायी बहिणीची दोन बोटं विकलीस! तुझ्या पत्रात तू मला नीट आठवत नाही म्हणून लिहिलंस, आणि त्याआधीच तू सगळं नीट आठवून लिहून दिलं होतंस. खोटी साक्ष नको म्हणे! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

हो, जळते मी तुझ्यावर. आजही जळते. तुझ्या हाताचा वेग, तुझा फोटो, आईला दर वेळी आधी तुझीच आठवण यायची, हे सगळं मला सलतं. पण मी तुझी पाटी पुसायची ती तुझ्यासमोर, ताई. पाठीमागे जाऊन दुसऱ्याच्या हातून नाही पुसली.

कंपनीनं कळवलंय, असल्या हातानं रुळावर काम मिळणार नाही आणि दुसरं काम नाही. ह्यांना काम असतं तेव्हा असतं, नसतं तेव्हा नसतं. भरपाई नाही मिळाली तर आमचं काय होईल हे तुला माहीत आहे, आणखी लिहीत नाही. पुढची तारीख २ एप्रिल, सकाळी अकरा. ये म्हणत नाही. तुला कळवलं, एवढंच.

लोभाचं काय ते तुझं तू ठरव.

बारकी


२४ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ. घेतलेस तर घे.

तुझं पत्र सूनबाईनं फोडलं नाही, हे नशीब. मी दार लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग जेवायला बोलावलं तर डोकं दुखतंय असं सांगितलं, आणि ते खरंही होतं.

सही केली तेव्हा एवढं लागलंय हे मला ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यानं मी सुटत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा ठाऊक झालंच होतं, आणि तरी मी तुला ते आठवत नाही लिहून पाठवलं. कागद परत मागता आला असता. मागितला नाही. बटण दाबायची हौस होती, हे कबूल. पण नुसतं तेवढंच नव्हतं. साहेब फोनवर सहज बोलून गेले की तुमची बहीण म्हणे तुमचा विक्रम मोडायच्या अगदी जवळ आली होती, अजून अर्धा तास मिळता तर मोडलाही असता. बारके, तुझ्या हाताला लागलंय हे मी त्याआधी ऐकलं होतं, आणि तरी मला धास्ती वाटली ती विक्रमाची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात आलं. त्या तिडिकीत मी त्या माणसाला म्हटलं, पाठवा कागद.

तू म्हणतेस तू माझ्यावर जळतेस. अग, जळण्यातही मी थोरली आहे. तू झालीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई तुला मांडीवर घेऊन बसली की मी मुद्दाम पाय आपटत जायची. तुझी शाळा, तुझं ते वळणदार अक्षर, तुझा नवरा, सगळ्यावर जळले मी. माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती जी तुझ्याकडे नव्हती. तो फोटो.

आणि त्या फोटोचं आता सांगूनच टाकते, नाहीतर हे माझ्याबरोबर जाईल. फोटोवाला आला तेव्हा तुला ट्रॉली आणायला मीच पिटाळलं होतं. ट्रॉली भरलेली होती. माझ्यामागेच उभी होती, फोटोत तिचं चाकसुद्धा आलंय. तू परत आलीस तोवर तो माणूस सामान आवरत होता. मुकादम म्हणाला होता की दोघींचा घेऊ. मी म्हटलं, ती कुठे गेली कोण जाणे.

पण सुनावणीला येऊन उभं राहायचं म्हणजे काय, याचा तू विचार केलास का? छत्तीस वर्षांचं काम, आणि सगळ्यांसमोर सांगायचं की विक्रम बांधलेल्या पट्टीचा होता, आणि वर हेही की मी खोटी सही केली. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना मी तो फोटो कितीदा वर्णन करून सांगितलाय. सूनबाईच्या माहेरीही ठाऊक आहे. मी लबाड ठरले तर माझ्यापाशी उरतं काय? तुझ्यापाशी निदान वेणी घालणारं माणूस आहे. मला रात्रभर विचार करूनही काही सुचत नाही. येईन असं लिहिलं आणि पाय उचलला नाही तर ते जास्त वाईट, म्हणून काहीच लिहीत नाही.

हाताला तेल लावू देतात का विचार.

तुझी,
ताई


३ एप्रिल

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

मी काल आले होते हे तुला कळलंच असेल. तू बाहेर बाकावर बसली होतीस, मी मागच्या दारानं आत गेले. वकीलबाईंना मीच सांगितलं होतं की हिला आधी कळवू नका. तू समोर असतीस तर मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले असते, आणि मग काय बोलले असते देव जाणे. साक्ष झाल्यावर लगेच गाडी होती. तुला भेटायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं, सगळं आत खर्च झालं. तुझा हात मात्र दाराच्या फटीतून पाहिला. फारच सुजलाय ग.

अधिकारीबाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि सही माझी का म्हणून विचारलं. मी म्हटलं सही माझी, मजकूर खोटा. कंपनीचा माणूस ताडकन उठला. म्हणाला की बाई बहिणीला वाचवायला आता पालटल्या. अधिकारीबाई म्हणाल्या, तुम्ही पट्टी बांधत होता याला पुरावा काय? पुरावा कुठून आणू, चौदा वर्षांपूर्वीचा? मग मी पर्समधून रुमाल काढला आणि त्यांच्या टेबलाच्या पायाला भिंगरीगाठ बांधून दाखवली. एका हातानं. सहा वर्षांत एकदाही बांधली नव्हती, पण हात विसरला नव्हता बघ. टोक ओढलं, सुटली. बाई चष्मा सरकवून वाकल्या आणि म्हणाल्या, पुन्हा एकदा दाखवा. मी पुन्हा दाखवली. थोडी जास्तच झोकात दाखवली असेन. तुझ्या हाताचा फोटो त्यांच्या फाइलमध्ये उघडा पडलेला आणि मी गाठ बांधून टाळीची वाट बघतेय! माझी मलाच लाज वाटली.

अधिकारीबाईंनी अपघाताच्या दिवशी मशीनवरून काढलेली किनार पिशवीतून बाहेर काढली. त्यांच्याकडे होती ती. गाठीसकट कापून ठेवलेली. दोन्ही गाठी शेजारी ठेवून बघितल्या. त्यांनी विचारलं की मुकादमाला माहीत होतं का. मी म्हटलं, माहीत होतं म्हणजे? फाटक्या चादरीच्या किनारी तेच कापून द्यायचे, आमच्या कात्र्या बोथट होत्या म्हणून. हे म्हटल्यावर कंपनीचा माणूस खाली बसला.

मग मी न विचारताच सांगितलं की विक्रम दोघींचा होता आणि दुसऱ्या टोकाला माझी बहीण होती. बाई म्हणाल्या की त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. मी म्हटलं, नसू दे, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं की नुसता पेन हलवला, मला दिसलं नाही.

घरी येऊन सूनबाईला सगळं सांगितलं, दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. तिनं जेवायला वाढताना भाजी दोनदा वाढली, त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलेलं नाही.

राग धरायचा तेवढा धर, फक्त निकाल काय लागला ते कळव.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

निकाल लागला. भरपाई मंजूर झाली. उपचाराचा खर्च, घरी बसलेल्या दिवसांचं, आणि बोटांचं वेगळं. आमचं निभेल. बातमी ऐकून हे दारातच बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला त्यांना पाणी द्यावं लागलं, तेही एका हातानं.

अधिकारीबाईंनी निकालात लिहिलंय, वकीलबाईंनी मला वाचून दाखवलं. जो नियम इतकी वर्षं नुसता भिंतीवर होता आणि जो मोडायला मुकादमच किनार कापून देत होता, तो मोडला म्हणून एकट्या हिला जबाबदार धरता येत नाही. चूक तिची होती, पण चुकीनं हक्क जात नाही. तिनं स्वतःला इजा करून घ्यायला हात घातलेला नव्हता. आणि मत्सराचं म्हणाल, तर बाईंनी कंपनीच्या माणसाला तोंडी विचारलं म्हणे, की ती बाई कोणाच्या चादरींना इस्त्री करत होती, स्वतःच्या घरच्या? ती कोणावर जळून का होईना, काम तुमचंच करत होती. मी वकीलबाईंना हे तीनदा सांगायला लावलं. पन्नास वर्षांत माझ्या जळण्याची कोणी पहिल्यांदाच माझ्या बाजूनं गणती केली.

परवा हिशेबाच्या कागदांवर सही करायला लाँड्रीत गेले होते. नवं मशीन आलंय, त्याची पट्टी बांधताच येत नाही, आणि पहिलं बटण कोणी दाबलं म्हणशील तर वायरमननं, टेस्टिंगच्या वेळी. तुझा फोटो काढलाय. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय. मी चौदा वर्षं ह्या दिवसाची वाट बघत होते आणि त्या चौकोनापुढे उभी राहिले, तर आत काहीच हललं नाही. साधा आनंदसुद्धा झाला नाही, मेला.

आत गेले तर बायका भोवती जमल्या. मला वाटलं हात बघायला. कसलं काय! सगळ्यांना तुझंच ऐकायचं होतं. भिंगरीनं टेबलाला गाठ बांधली म्हणे, भिंगरी साहेबाचं नाव घेऊन बोलली म्हणे, स्वतःचा विक्रम स्वतःच मोडीत काढला म्हणे. माझी ती आंधळी जोडीदारीण डोळे पुसत म्हणाली, अशी बहीण पाहिजे. बोटं माझी गेली, ताई, आणि कौतुक तुझं! ह्यातही तूच पुढे. मी तिथून निघाले ती रस्ताभर तुला शिव्या देत आले.

घरी आल्यावर हे वेणी घालत होते. मी त्यांना म्हटलं, माझं काय चुकलं हो, बहिणीनं माझ्यासाठी एवढं केलं तरी मला तिचा रागच येतोय. ते म्हणाले की राग नसेल, दमली असशील. साधा माणूस, म्हटलं ना तुला. पण तेव्हापासून मी विचार करतेय आणि आता तुला लिहून टाकते, कारण तू ट्रॉलीचं लिहिलंस तेव्हा तुझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं, माझंच आत राहून चालणार नाही.

समज, उलट झालं असतं. फोटो माझा असता, हात तुझा गेला असता, आणि खोट्या कागदावर सही मी केली असती. तर मी २ एप्रिलला आले असते का? ताई, मी आले नसते. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं असतं, पत्रातून तुला औषधं कळवली असती आणि फोटो सांभाळत बसले असते. चार दिवस मी स्वतःला दुसरं उत्तर देऊन बघितलं, पण ते खोटं आहे. तुझा वेग मला गाठता आला असता, अर्धाच तास कमी पडला. हे मात्र मला जन्मात जमलं नसतं. म्हणून जळते आहे, आणि ह्या वेळचं जळणं कशानं विझेल ते मला कळत नाही.

तू ये. दाराच्या फटीतून नाही, समोरून ये. मी भांडेन, ते धरूनच ये.

तुझा लोभ आता मागत नाही, तो मिळाल्याचं कळवते.

तुझी,
बारकी